पालिकेच्या जागेतला घेवडा

परवा आमच्या सोसायटीतली एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "मावशी, मागच्या रिकाम्या जागेत आपण सगळ्यांनी मिळून भाजीपाला लावायचं ठरवलंय. तुम्ही पण या ना." मी म्हटलं, "मला नाही जमायचं गं बाई." तिला वाटलं, गुडघे. गुडघे माझे ठणठणीत आहेत, अजून मांडी घालून बसते. पण दारात उभ्या असलेल्या पोरीला पन्नास वर्षांपूर्वीचं रामायण कुठून सांगत बसायचं? चहा पाजला आणि पाठवून दिलं. मग दिवसभर हाताला काम लागेना. म्हणून आता लिहायलाच बसले आहे.

बाहत्तरचा दुष्काळ. आम्ही तेव्हा नगरला एका चाळीत राहत होतो, एक खोली आणि पुढं पडवी. आमचे हे नागापूरला, तिकडं एमआयडीसी नुकती उभी राहत होती, तिथं एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. सकाळी सायकलच्या हँडलला डबा अडकवून जायचे, संध्याकाळी काळ्या हातांनी यायचे. मी नगरातच वाढलेली. वडील शाळेत शिपाई, त्यामुळं ज्वारी पोत्यातून निघते एवढंच मला शेतीतलं ठाऊक. सासर जामखेडकडचं. तिकडं थोरले दीर आणि जाऊबाई शेत बघायचे आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्याजवळ असायच्या.

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. आदल्या वर्षीही आमच्या रानात काही आलं नव्हतं. विहिरीचा तळ दिसला, बैल पाहुण्यांकडं पाठवले, दीर आणि जाऊबाई दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला गेले. म्हातारीला उन्हात कुठं न्यायचं, म्हणून आत्यांना एसटीत बसवून आमच्याकडं पाठवलं. त्या उतरल्या तेव्हा एका हातात धडुत्याचं गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातानं पोटाशी एक गाडगं धरलेलं. गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं. मला वाटलं, लोणचं असेल. मी घ्यायला हात पुढं केला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोरी. ह्ये म्याच धरते."

घरी आल्यावर त्यांनी ते फोडलं. आत राख, आणि राखेत घेवड्याचं बी. काळपट तांबडं, एका बाजूला पांढरी रेघ असलेलं. राखेतून एक एक दाणा वेचत त्या सुपात टाकू लागल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. दाण्यादाण्याला भोक. राख असूनही भुंगा शिरला होता. वेचून वेचून चांगलं निघालं ते मूठभर सुद्धा नाही.

"ह्ये माज्या सासूचं बी हाय," त्या म्हणाल्या. "तिला तिच्या सासूनं दिल्यालं. दोन साल भुईत गेलं न्हाई. औंदा बी न्हाई गेलं तर मरतंय त्ये. मंग कितीबी पाऊस पडू दे, काय पेरायचं?"

मी आपलं शहाणपणानं म्हटलं, "आत्या, बाजारात मिळेल की घेवड्याचं बी."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा ते वाक्य जन्मात उच्चारलं नाही. मग शांतपणे म्हणाल्या, "मिळंल. पर त्ये आपलं नसंल. ह्यो घेवडा निस्त्या दहिवरावर येतो. आन तुला द्यायचंय त्ये म्या. थोरलीनं बाजरीचं बी संबाळलंय, घेवडा तुजा." मला कुणी असं काही कधी दिलं नव्हतं. आईनं लग्नात भांडी दिली, ती बाजारातली. त्या मूठभर किडक्या दाण्यांवर माझं नाव आहे म्हटल्यावर मी ते सूप आपल्याकडं ओढून घेतलं, खरं सांगते.

चाळीच्या मागं मोऱ्यांचं पाणी एका उघड्या गटारातून जायचं आणि गटारापलीकडं नगरपालिकेची जागा होती. तिथं म्हणे पाण्याची टाकी व्हायची होती. टाकी कागदावर राहिली आणि जागेवर उकिरडा झाला. बाभळी, फुटकी कौलं, कुणाच्या तरी मोडक्या खाटेचे पाय. आत्या दोन दिवस पडवीत बसून त्या जागेकडं नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "ह्ये पानी कुटं जातंय?"

"कुठं जाणार? तिकडंच मुरतं."

"आन जिमीन कुनाची?"

"पालिकेची."

"म्हंजी कुनाचीच न्हाई," असं म्हणून त्यांनी पदर खोचला.

चाळीतल्या बायका आधी फिदीफिदी हसल्या. "म्हातारी उकिरड्यात पेरती," म्हणाल्या. आत्यांना त्याचं काही नाही. खुरप्यानं त्या काचा वेचायच्या, कौलं एका कडेला रचायच्या. आणि मोऱ्यांचं पाणी कसं घ्यायचं हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. तेव्हा भांडी आम्ही राखेनं घासायचो. ते पाणी, तांदूळ धुतल्याचं पाणी, भाजी धुतल्याचं पाणी वेगळ्या डब्यात. साबणाचं तेवढं गटारात. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं, आणि त्यातून आमच्या सासूबाई प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगणार, "बाई, तुजं खरकाटं पानी फेकू नगंस, मला दे." पण रेशनवर तांबडी मिलो, ती अमेरिकेहून आलेली ज्वारी, खाऊन सगळ्या विटल्या होत्या. मिलोच्या भाकरीबरोबर कालवायला हिरवं पान मिळेना. मग जिच्या दारातलं पाणी वाफ्याला जायचं, तिला मेथीची पहिली जुडी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याच बायका पदर खोचून गटार ओलांडून आल्या. हसणं कुठल्या कुठं पळालं.

पालिकेचा एक साहेब आला होता बघायला. टोपी, छत्री, बरोबर मुकादम. आम्हाला वाटलं, आता संपलं. त्यानं सगळे वाफे फिरून बघितले, मिरचीचं एक फूल बोटानं वर करून पाहिलं आणि म्हणाला, "दुष्काळ आहे, लावा. पण इथं पक्कं बांधकाम करायचं नाही. एक वीट रचलेली दिसली तरी उखडून टाकीन." आत्या म्हणाल्या, "इटा खातोय व्हय आमी?" साहेबालाही हसू आलं.

घेवडा गौरीच्या सुमाराला टोचला. सगळंच्या सगळं बी. मी म्हटलं, थोडं ठेवावं का मागं? तर म्हणाल्या, "मागं ऱ्हाईल त्ये भुंगा खाईल. आता भुईच राखंल त्येला." निम्म्याहून जास्त उगवलंच नाही. जे उगवलं ते मात्र असं चढलं की काय सांगू. मोडक्या खाटेचे पाय आणि बाभळीच्या फांद्या यांचा मांडव केला होता, तो दिवाळीत दिसेनासा झाला. जांभळी फुलं. आत्या सकाळी उठल्या की चहाच्या आधी तिकडं. त्यांच्या मागं मी. सासू-सुनेच्या गोष्टी लोक काय काय सांगतात, आमच्यात ते कधी झालंच नाही, कारण आम्हाला भांडायला वेळ नव्हता. त्या मला सांगायच्या, वेलाच्या बुडाकडं ज्या पहिल्या शेंगा धरतात त्या कधी खायच्या नाहीत, त्या बियाला. त्या वेलावरच वाळायला पाहिजेत, हलवल्यावर आत दाणे वाजायला पाहिजेत. वरच्या काय खायच्या त्या खा. आपल्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडून त्यांनी बियाच्या शेंगांच्या घोसाघोसाला बांधल्या, म्हणजे चाळीतल्या बायकांना कळावं की ह्यांना हात लावायचा नाही.

चाळीतल्या कुणी लावलाही नाही. पण दुष्काळात हिरवं रान किती दिवस लपणार? पलीकडच्या गल्लीतले लोक येऊन वांगी तोडून न्यायला लागले. एकदा दुपारी बुडाच्या शेंगाही गेल्या, चिंधीसकट दोन घोस. त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत. मला भीती वाटली की ह्या आता मांडवाखालीच अंथरूण टाकणार. पण त्यांना गावाकडची रीत सुचली.

आमच्या तिकडं रानाला राखणदार असतो. बांधावर एक दगड मांडायचा, तेल-शेंदूर लावायचा, झाला म्हसोबा. मग त्या रानातली काडीसुद्धा कुणी चोरत नाही. तो उघड्यावर असतो, ऊनपाऊस खातो, कुणी त्याच्यावर छप्पर घालत नाही, कुणी पुजारी बसवत नाही. पीक निघालं की एक नारळ, बास. आत्यांनी कौलांच्या ढिगातून एक बरा दगड काढला. मला चांगला आठवतो, एका अंगाला सपाट होता, बहुतेक कुणाची तरी फुटकी धोंडी असावी कपडे धुवायची. त्याला शेंदूर लावला आणि मांडवाच्या वरच्या अंगाला उतारावर नेऊन मांडला. मी म्हटलं, "आत्या, इथंच का?" त्या डोळे मिचकावून म्हणाल्या, "लोक पानी घालत्याल न्हवं द्येवाला? त्ये खाली येलाकडं यील." मी पोट धरून हसले. देवाला आंघोळ आणि घेवड्याला पाणी!

तसंच झालं. प्यायला पाणी नाही, पण म्हसोबाला तांब्याभर घालायला लोकांकडं असायचं. चोऱ्या बंद झाल्या. वेल तरारला. आत्या खूश, मी खूश. आम्हाला काय माहीत, शहरातल्या लोकांना बांधावरचा देव कसा असतो ते ठाऊकच नाही म्हणून!

पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईच्या पोराचा ताप उतरला, तिनं लिंबू ठेवलं होतं. एकाला नागापूरला काम लागलं, त्यानं नारळ फोडला होता. झालं. जागृत आहे, जागृत आहे. अमावस्येला रांग लागायला लागली. आणि सगळ्यात कहर म्हणजे आत्यांच्या त्या लाल चिंध्या! लोकांना वाटलं, त्या नवसाच्या. मग जो येईल तो वेलाला चिंधी बांधून जायला लागला. बियाच्या शेंगा कुठल्या आणि नवसाच्या कुठल्या, काही कळेना. आत्या सकाळी जाऊन लोकांच्या चिंध्या सोडायच्या, तर एक जण त्यांच्या अंगावर ओरडला, "ए म्हातारे, नवस सोडतीस का लोकांचे?" ज्या बाईनं देव मांडला तिलाच!

आमच्या ह्यांचं काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नगरला येऊन इतकी वर्षं झाली, पण ह्यांना गल्लीत कोणी ओळखत नव्हतं. खेड्यातला, लेथवरचा, सायकलवाला. आता लोक म्हणायला लागले, "म्हसोबा यांच्या आईला सापडला." सापडला! दुकानदार ह्यांना आत बोलवायचा, बसा म्हणायचा. देवळाची कमिटी झाली तेव्हा ह्यांना त्यात घेतलं. कडक इस्त्रीचा सदरा घालून हे बैठकीला जायचे. मी चिडायची, पण त्यांचा उजळलेला चेहरा बघितला की माझे शब्द तोंडातच राहायचे. माणसाला मान मिळाला की तो बिचारा कसा होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

कमिटीनं ठरवलं, पौषातल्या अमावस्येला भंडारा घालायचा आणि मग शेड बांधायची, खाली फरशी. आत्या स्वतः बैठकीत गेल्या. बायका कोणी जात नव्हत्या, त्या गेल्या, मी मागं उभी. त्या म्हणाल्या, "आवो, म्हसोबाला छप्पर चालत न्हाई. त्यो रानातला द्येव हाय. रान ऱ्हाईलं तर त्यो ऱ्हाईल." सगळे हसले, वाईट हसले असं नाही, लहान पोराला हसतात तसे. मग त्यांनी हात जोडले. "बरं, तुमाला बांदायचं त्ये बांदा. पर माज्या शेंगा वाळू द्या. माघ सरंपतुर थांबा. येवढं बी निघू द्या, मंग समदं रान तुमचं." कमिटीचा पुढारी लगेच म्हणाला, "अहो आजी, तुमच्या वेलाला कोण हात लावतंय? तुम्ही तर आमच्या देवाच्या आई." आत्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. परत येताना मला म्हणाल्या, "चांगली मान्सं हायती."

अमावस्येच्या सकाळी कोपऱ्यावर टँकर आला म्हणून मी आणि आत्या घागरी घेऊन गेलो. रांगेत हाणामारीची पाळी, आमचा नंबर लागायला ऊन चढलं. डोक्यावर घागरी घेऊन चाळीच्या मागच्या अंगानं आलो तेव्हा आधी मला कळेचना काय बदललंय ते. पलीकडची भिंत दिसत होती. मांडव नव्हता, म्हणून भिंत दिसत होती. खाटेचे पाय आणि फांद्या चुलाणाला गेल्या होत्या, आणि वेल खाली पडला होता, चिंध्यांसकट, एकाही शेंगेशिवाय. गल्लीतल्या बायका गोल बसून शेंगा सोलत होत्या, हसत-गात. मोठी पातेली भरली होती. देवाच्या वेलाच्या शेंगांची भाजी करायची, प्रसाद म्हणून, असं ठरलं होतं.

आत्यांनी घागर खाली ठेवली. सांडली नाही, ठेवली. आणि एका बाईजवळ जाऊन तिच्या सुपातला एक दाणा उचलून बघितला. भरला होता, पण ओला, मऊ, हिरवट. अजून पंधरा-वीस दिवस पाहिजे होते.

"कुनी सांगितलं तोडाया?" त्यांनी विचारलं.

"आजी, तुमच्या मुलालाच विचारलं की! ते म्हणाले, न्या, देवाचंच आहे."

हे तिथंच होते, गुलाल लावलेले. आत्या नुसत्या त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. शेतकऱ्याचाच पोरगा हा. ह्याच घेवड्याच्या मांडवाखाली लहानाचा मोठा झालेला. हे हळू आवाजात म्हणाले, "आये, सगळ्यांसमोर विचारलं गं त्यांनी. नाही कसं म्हणू? तुला मी हायब्रीडचं बी आणून देतो, दुकानात पाकिटं मिळतात." मी तिथल्या तिथं तोंड सोडलं. अहो म्हटलं नाही की काही म्हटलं नाही, जे तोंडाला आलं ते बोलले, मेल्याहून मेलं केलं. आयुष्यात ह्यांना मी तेवढी कधी बोलले नव्हते. आत्यांनीच माझा दंड धरून मला घरात नेलं. "चार मान्सांत नवऱ्याला बोलू ने," म्हणाल्या.

दुपारी पंगत बसली. देवाच्या आईला पहिल्या पानावर बसवलं. पुढारी स्वतः वाढायला आला. पत्रावळीवर भात, वरण आणि घेवड्याची भाजी, ढीगभर. माझी नजर त्यांच्या पानावरून हलेना. मला वाटलं, आता ह्या उठतील, पान भिरकावतील, रडतील, काहीतरी करतील. पण प्रसादाला नाही म्हणत नाहीत, पानात टाकत नाहीत, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी पान डोळ्यांना लावल्यासारखं केलं आणि जेवायला लागल्या. भाजीतला एक एक दाणा बोटांनी वेगळा करून खाल्ला. शेजारची बाई म्हणाली, "आजी, किती चवदार झालीय ना?" त्या म्हणाल्या, "व्हय, लई ग्वाड हाय." मी माझ्या पानावरून उठले आणि घरी येऊन मोरीत ओकले.

शेड झाली, फरशी झाली. मिरच्या, वांगी, मेथीचे वाफे सगळे तिच्या खाली गेले. चाळीतल्या बायका दोन दिवस हळहळल्या आणि मग आरतीला जायला लागल्या. पालिकेचा तो छत्रीवाला साहेब एकदा आला. मी पडवीतून मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "साहेब, एक वीट सुद्धा चालणार नव्हती ना?" तो चपला काढून आत गेला, पाया पडला आणि मान खाली घालून निघून गेला. आत्या पडवीत बसायच्या, पण आता तोंड रस्त्याकडं करून. मी पडलेल्या वेलाखाली, चुलाणाच्या राखेत, सगळीकडं शोधलं. बोटं काळी झाली, एक वाळला दाणा सापडला नाही. माझं बी होतं ते. मला अजून रडू येतं, आत्ता लिहितानाही येतंय.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. दिरांचा निरोप आला, पेरणीला या. आम्ही तिघं गेलो. दीर आणि जाऊबाई ओळखू येत नव्हते. खडी फोडून फोडून जाऊबाईंच्या हाताची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. पण डोळ्यांत काय आनंद होता त्यांच्या! पाहुण्यांकडून बैल आले होते, रान वाफशाला आलं होतं. जाऊबाईंनी बाजरीच्या बियाचं गाडगं बाहेर आणून सगळ्यांसमोर फोडलं. लिंपण जसंच्या तसं होतं. त्या म्हणाल्या, "तरोट्याचा पाला उकडून खाल्ला आमी. पोरं भुकंनं रडली तरी ह्येला हात लावला न्हाई." आणि बियाची पहिली ओंजळ त्यांनी आत्यांच्या ओटीत घातली. आमच्याकडं पेरताना चाड्यावर, म्हणजे पाभरीत बी सोडायच्या वाडग्यावर, पहिली मूठ घरातली थोरली बाई धरते. आत्या ओटी आवरून उभ्या राहिल्या.

"आन घेवड्याचं आणलंसा न्हवं?" जाऊबाईंनी विचारलं. "बांदाकडंला जागा ठिवलीया."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत होते. दीर पुढं आले. ते रागीट, एकदा डोकं फिरलं की भावाला भाऊ म्हणायचे नाहीत, आणि ते वर्ष कसं काढलं होतं त्यांचं त्यांनाच माहीत. मी तोंड उघडलं. आत्यांनी पदराआडून माझं मनगट इतकं करकचून धरलं की बांगडी फुटली.

"खाल्लं म्या त्ये," आत्या म्हणाल्या.

कुणब्याच्या घरात बी खाल्लं म्हणजे त्याहून मोठं पाप नाही. जाऊबाईंनी हातातलं गाडगं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "का? नगरात रेशन न्हवतं व्हय?"

"हुतं की," आत्या म्हणाल्या. "तरीबी खाल्लं."

जाऊबाईंनी पुढं होऊन त्यांच्या ओटीतली बाजरी आपल्या ओटीत काढून घेतली, दाणा न दाणा, आणि चाड्यावर स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. दिरांनी बैल हाकले. आत्या रिकामी ओटी झटकून बांधावर जाऊन बसल्या.